कुर्लीच्या पाठीवरची जागा

१

घोड्याच्या वागणुकीतले दहापैकी आठ दोष त्याच्या पाठीतून येतात. पशुवैद्यकीय महाविद्यालयात एकतीस वर्षं शरीररचना शिकवताना मी हे वाक्य दर वर्षी पहिल्याच तासाला सांगत असे. उरलेले दोन दोष मालकाच्या डोक्यातून येतात, हेही सांगत असे. मुलं हसत आणि लिहून घेत.

निवृत्तीनंतर क्लारा आणि मी मालवणजवळच्या आमच्या वाडीत राहायला आलो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये नारळीच्या रांगांत आमचं घर. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घोड्यांच्या पाठी चाचपल्या होत्या. त्र्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा स्वतःची घोडी घेतली. गावातला लवू तिच्यावर पर्यटकांना बसवून किनाऱ्यावर फिरवायचा. नंतर त्याने डॉल्फिन दाखवायची होडी घेतली आणि घोडी विकायला काढली. ती तिरकी चालायची म्हणून त्याने तिचं नाव कुर्ली, म्हणजे खेकडा, ठेवलं होतं. तिरकी चाल मी दीड महिन्यात घालवली. डाव्या पुढच्या खुराची टाच उंच वाढली होती, इतकंच. नाव मात्र राहिलं.

माझी सकाळ ठरलेली आहे. चहा, गॅस बंद केल्याची खात्री, मग पुन्हा एकदा तीच खात्री. गोठ्यात जाऊन खरारा. पाठीवर लोकरीचा नमदा, नमद्यावर खोगीर. पोटाखालून जाणारा तंग एकदम आवळायचा नाही, तीन टप्प्यांत आवळायचा. अंगणात क्रुसाच्या अलीकडे दोन चिरे रचून पायरी केली आहे, तिच्यावर चढून मी स्वार होतो.

आणि मग कुर्ली थांबते.

हाच तिचा उरलेला दोष. मी खोगिरात बसलो, लगाम हातात घेतला, टाचेने इशारा केला, तरी ती हलत नाही. कान मागे वळवते. मात्र चिडलेला घोडा पाडतो तसे ते पडलेले नसतात, कुणाचा कानोसा घ्यावा तसे वळलेले असतात. मी मनात मोजतो. सातव्या आकड्याला तिची पाठ किंचित खाली जाते आणि ती चालू लागते. एकदा सहा नाही, एकदा आठ नाही. सात.

ऑक्टोबरात एका सकाळी मी तिला तिसऱ्याच आकड्याला जोराने टाच मारली. तिने पाठीची कमान केली आणि मला नारळीच्या आळ्यात फेकून दिलं. दोन बरगड्यांना चीर गेली.

क्लाराने त्याच दिवशी निकाल दिला. "नातालाक वेनेसा येतली. तू तिका घोडीर बसवतलंय म्हणान सांगून बसलंस. तवसर घोडी सरळ झाली तर बरां. नाय तर ती नाय तर मी. आणि माका कोल्हापूराक कोण घेवचो नाय, तेवां तीच जायत."

कोल्हापूरच्या एका माणसाने घोडी मागितली होती, हे तिला माहीत होतं.

वेनेसा आमची नात, आमची लेक मेल्विना हिची मुलगी. म्हापशाला असते, दहा वर्षांची आहे. दर रविवारी फोनवर एकच विचारते, "शापाय, कुर्ली कशी आसा?" शापाय म्हणजे आजोबा, गोव्याकडची हाक. मेल्विनाने परवानगी दिली होती ती माझ्या शब्दावर. "पपा, तू म्हणतोस सेफ आहे, तर आहे," एवढंच ती म्हणाली होती. मी तिच्याकडून वेनेसाचं वजनही विचारून घेतलं होतं, कारण पाठीवरच्या भाराचा हिशोब वजनाशिवाय होत नाही. एकोणतीस किलो.

माझ्या हाताशी दोन महिने होते. दोष पाठीत असणार याबद्दल मला शंका नव्हती.

२

खोगीर बसतं की नाही हे डोळ्यांनी ठरवायचं नसतं. वाकवली की तशीच राहणारी जाड तार घ्यायची. मानेच्या बुडाशी जो उंचवटा असतो त्याच्या चार बोटं मागे ती पाठीवर आडवी दाबायची आणि तिला आलेला आकार पुठ्ठ्यावर गिरवायचा. मग एक वीत मागे पुन्हा, आणखी एक वीत मागे पुन्हा. पुठ्ठे कापून खोगिराच्या पोटाखाली धरले की चूक स्वतःहून दिसते. कुर्लीचे पुठ्ठे मी तीनदा कापले, कारण पहिल्या मापावर माझा कधीच विश्वास नसतो. तिन्ही वेळा ते सारखे आले. खोगिराचा सांगाडा तिच्या पाठीला जणू तिच्यावरच कोरला असावा तसा बसत होता.

मग, बरगड्या जरा बऱ्या झाल्यावर, घामाची परीक्षा. वीस मिनिटं दुडकी चाल करायची आणि परत येऊन खोगीर उतरवायचं. पाठ सगळीकडे सारखी ओली हवी. जिथे दाब जास्त पडतो तिथे घाम फुटत नाही आणि तेवढाच भाग कोरडा राहतो. पाठ कुठे दुखते हे घोडी अशा रीतीने लिहूनच देते.

खोगिराखालचा भाग सारखा ओला होता. बघून मला बरं वाटलं. मग मी टॉवेल घेतला आणि थांबलो.

खोगीर जिथे संपतं त्याच्या मागे, कमरेवर, कण्याच्या दोन्ही बाजूंना दोन कोरडे ठसे होते. लांबट, तळहाताहून थोडे मोठे. भोवतीचे केस घामाने चिकटलेले आणि त्या दोन जागचे केस कोरडे, सपाट, एका दिशेला निजलेले.

तिथे खोगीर पोचत नाही. नमदाही पोचत नाही. तिथे काहीच नव्हतं.

वाऱ्याने वाळलं असेल, असं मी ठरवलं. पण वारा दोन्ही बाजूंना सारखं वाळवत नाही. मी तारेने ठशांमधलं अंतर घेतलं आणि पुठ्ठ्यावर गिरवलं. खोगिराच्या बैठकीखाली मांडीची हाडं जिथे टेकतात तिथलं माझं स्वतःचं अंतर मला ठाऊक होतं. हे त्याहून दीड बोट कमी होतं.

दुसऱ्या दिवशी ठसे तिथेच होते. तिसऱ्याही दिवशी. मी त्यांचे फोटो काढले, तारखा घातल्या आणि एक कारण लिहून काढलं: खोगिराची मागची कड चालताना उचलली जाते आणि आपटते, तिचा धक्का मागे जातो. कारण वाचायला चांगलं वाटत होतं. विद्यार्थ्याने लिहिलं असतं तर मी त्याला अर्धे गुण दिले असते.

३

ओहोटी लागली की इथली वाळू सिमेंटच्या कोब्यासारखी घट्ट होते. तिच्यावर खुराचा ठसा स्वच्छ उमटतो. घोड्याचं वजन पुढच्या पायांवर जास्त असतं, म्हणून पुढचे ठसे खोल आणि मागचे त्याहून उथळ असायला हवेत. हे इतकं प्राथमिक आहे की मी कधी तपासलंच नव्हतं.

एका सकाळी परत येताना आमचीच जातानाची पावलं समोर दिसली. मी उतरलो आणि खिशातली फूटपट्टी काढली. पुढचे ठसे अडीच सेंटिमीटर. मागचे चार.

मी आणखी वीस ठसे मोजले. मग पूर्ण अंतर चालत घरी आलो, कुर्लीला हातात धरून. रिकामी असताना तिचे मागचे ठसे दीड सेंटिमीटरच्या वर गेले नाहीत. माझं वजन अडुसष्ट किलो आहे, आणि मी मागे सरकून बसत नाही.

घरी आलो तेव्हा क्लारा स्वयंपाकघराच्या खिडकीत खोबरं किसत होती.

"कोण होतो रे?"

"खंय कोण?"

"जाताना तुज्या पाठी बसललो तो. माका वाटला, समर्थाक पुलापर्यंत सोडूक गेलंस काय." समर्थ म्हणजे आमच्या शेजारचा शाळामास्तर.

"माज्या पाठी कोण नव्हतो, क्लारा."

"मगे तुजी पाठ रुंद झाली," ती म्हणाली आणि किसत राहिली. "सकाळची चार भाकऱ्यो खातंस, होतली."

तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. कुडाळच्या डॉक्टरांनी जानेवारीची तारीख दिली आहे. नारळींच्या झापांतून येणाऱ्या कोवळ्या उन्हात चांगल्या डोळ्यांनाही एकाचे दोन दिसतात. हे सगळं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "बरां बाबा, नव्हतो तर नव्हतो," आणि चहा पुढे केला.

४

पण तिच्या बोलण्यातूनच मला खरं कारण सापडलं. सापडलं असं वाटलं, आणि त्या दिवशी मी दुपारची झोपही न घेता लवूकडे गेलो.

घोडा ही सवयीची गोष्ट आहे. कुर्लीने पाच वर्षं पर्यटकांची मुलं वाहिली. लहान मूल एकटं बसवत नाहीत. मूल पुढे बसवायचं आणि मालकाने मागून चढायचं. म्हणजे पहिला स्वार बसला तरी निघायचं नाही, दुसरा चढेपर्यंत थांबायचं, हे तिच्या अंगात भिनलं असणार. मागे वळलेले कान, सात आकडे, सगळं जुळत होतं. कमरेवरचे ठसे म्हणजे जुन्या भाराने मेलेली कातडी, तिथे घाम फुटतच नसेल. वाटेत मला स्वतःचं हसू आलं. इतके दिवस मी भलतंच काहीतरी मनात येऊ देत होतो.

लवू होडी उपडी घालून तिला रंग देत होता. मला बघून त्याने स्टूल सरकवलं.

"लवू, बारकी पोरां पुढे बसवन तू पाठी बसायचंस मां?"

"मी?" त्याने स्वतःच्या पोटाकडे ब्रश दाखवला. "ह्यां वजन बघितलास काय, डॉक्टरानू? घोडी मोडली असती. मी कासरो धरून चलायचंय."

"मगे दुसरो कोण बसायचो?"

"कोण नाय."

"कधीच?"

त्याने ब्रश डब्यात ठेवला.

"ती अजून थांबता?"

"थांबता."

"सात?"

मी त्याला आकडा सांगितला नव्हता.

"तू पण मोजायचंस?"

"पैलो पैलो मोजलंय. मगे सोडलंय. मोजून काय करूचा?" त्याने बोटांवरचा रंग लुंगीला पुसला. "डॉक्टरानू, राग मानू नका. मी तिच्यार नुसती गोणी घालायचंय. एक गोणी, एक दोरी. तुमी तेवां माका बोललात, गोणयेन पाठ खराब होता म्हणान. होयत. तुमी शिकलले. पण त्या गोणयेर एकाच मानसाची जागा होती."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काय म्हणजे? जागा केल्यार कोण पण बसता. येष्टीत बघा." तो हसला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "खोगीर ल्हानच ठेवा. आणि तिका घाई करू नका. एवढाच."

मी उठलो. गोणीने सगळा भार थेट कण्यावर येतो. ते खोगीर नव्हे, छळ आहे. पाच वर्षं त्या घोडीने तो सोसला होता, आणि सोसायला लावणारा मला मापं शिकवत होता. परत येताना मी हेच स्वतःशी घोळवत होतो. लवूला सात आकडा कसा ठाऊक, याचं उत्तर सोपं होतं. घोडी त्याच्याकडेही थांबायचीच.

तो मागे बसत नव्हता, एवढ्यापुरतं माझं कारण कोसळलं होतं. त्याविषयी मी पुढे विचार केला नाही.

५

कारण कळलं नाही तरी उपचार करता येतो. वैद्यकाचा अर्धा इतिहास तसाच आहे. घोडीच्या कमरेवर भार पडतो आहे, हे घाम सांगत होता आणि वाळूही सांगत होती. कुठून पडतो हे मला कळत नव्हतं. पण भार पसरवून दिला की दुखणं थांबतं. लहान जागेवरचं वजन मोठ्या जागेवर नेणं, यापलीकडे खोगीर दुसरं काय करतं?

मी पुठ्ठ्यांवरून नवा नमदा आखला. खोगिराच्या मागे एक हातभर लांब, कण्याला मोकळी वाट ठेवून दोन्ही बाजूंना लोकर भरलेल्या दोन गाद्या. ठशांच्या मापाने, ठशांच्याच जागी.

कुडाळला ओंकार मोटरसायकलींच्या सीट शिवतो. खोगीर शिवणारा माणूस आमच्या जिल्ह्यात नाही, आणि ओंकारचा हात साफ आहे. त्याने माझा नकाशा उलटसुलट करून बघितला.

"सर, ही तर डबल सीट झाली! पाठी धरूक कडी लावू?"

दुकानातली सगळी हसली. मीही हसलो.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नवा नमदा आला आणि कुर्ली बदलली. सात आकडे ती अजूनही थांबायची, पण आता तिच्या पाठीत ताठरपणा नव्हता. मान सैल, खालचा ओठ लोंबता. सातव्याला पाठ खाली जायची आणि ती पाण्यात ढकललेल्या होडीसारखी निघायची. घामाची परीक्षा घेतली. पाठ मानेपासून कमरेपर्यंत सारखी ओली, एकही कोरडा ठिपका नाही. पुस्तकात छापावी अशी पाठ. मी दोन आठवडे रोज परीक्षा घेतली, ट्रॅक्टरच्या आवाजात चालवली, पतंगांच्या खालून नेली, क्लाराला तिच्यासमोर छत्री उघडायला लावली. कुर्लीने शेपटीही हलवली नाही.

"जादू केलंस की रे, मेल्या," क्लारा म्हणाली. मी म्हटलं, जादू नव्हे, मापं.

एक गोष्ट मी वहीत लिहिली नाही. ओंकारने गाद्यांना वरून रेक्झिन लावलं होतं, आणि नवं रेक्झिन करकरतं. चालीबरोबर करकरलं तर त्यात काही नाही. पण मी चाल ओळखतो. चार पायांचे चार ठोके असतात. मागचं रेक्झिन त्या ठोक्यांवर वाजत नव्हतं. मध्येच वाजायचं. बराच वेळ शांत, मग एकदा, सावकाश. बसून अवघडलेला माणूस मांडी बदलतो तेव्हा खुर्ची वाजते, तसं.

मी मागे वळून बघितलं नाही. मला मानेच्या मणक्यांचा त्रास आहे. पण नमदा आल्यापासून सतरा दिवसांत मी एकदाही मागे बघितलेलं नाही हे माझ्या लक्षात आलं होतं, आणि त्याआधी मी दर शंभर पावलांना बघत असे हेही.

६

मेल्विना बावीस डिसेंबरला वेनेसाला सोडून संध्याकाळीच म्हापशाला परतली. तेवीसच्या सकाळी आठ वाजता ओहोटी होती.

उन्हं चांगली वर आली होती. वेनेसा निळा टी-शर्ट घालून, चपला काढून तयार होती. मी तिच्या डोक्यावर हेल्मेट बसवलं, हनुवटीचा पट्टा दोनदा तपासला. तिला चिऱ्यावर उभी करून खोगिरात बसवलं. कासरा मी हातात घेतला. लहान मूल वर असताना मी लगामावर विसंबत नाही.

"शापाय, ही चलत कित्याक नाय?"

"थांबता ती जरा. मोज माज्याबरोबर."

आम्ही दोघांनी मोठ्याने मोजलं. सातला कुर्लीची पाठ खाली गेली. "वा!" वेनेसा म्हणाली. क्लाराने दारातून टाळ्या वाजवल्या.

किनाऱ्यावर पोचलो. मी सहा फूट पुढे, कासरा उजव्या हातात, उरलेलं वेटोळं डाव्या हातात. घोडी इतकी छान चालत होती की मला बोलावंसं वाटलं. खोगीर कसं बसवतात, पाठ कशी वाचायची, सगळं मी पुढे बघत सांगत गेलो. वेनेसा हं हं करत होती. आयुष्यात इतकं निर्धास्त मला क्वचितच वाटलं असेल.

मग ती म्हणाली, "शापाय, तू आता हात काढ. मी पडत नाय."

मी पाच-सहा पावलं तसाच चाललो. माझ्या दोन्ही हातांकडे बघितलं. दोन्ही हातांत कासरा होता.

"खंयचे हात, बाय?"

"कमरेकडचे. गुदगुल्यो होतत."

मी थांबलो. कुर्लीही थांबली. मी वळून बघितलं.

वेनेसा मागे रेलून बसली होती. खुर्चीच्या पाठीला रेलावं तशी, पाय सैल सोडून, डोकं मागे टाकून. खोगिराला पाठ नसते. त्या कोनात माणूस एक क्षणही राहू शकत नाही. पोटाचे स्नायू थरथरतात, हात आधार शोधतात. तिचे हात मांडीवर होते, आणि ती हसत होती. निळ्या टी-शर्टला कमरेच्या दोन्ही बाजूंना चुण्या पडल्या होत्या. त्या चुण्या दोन ठिकाणी एकवटल्या होत्या, कापड कुणी मुठीत गोळा केल्यासारख्या. तिच्या मागे उन्हात ओंकारचं काळं रेक्झिन दिसत होतं. रिकामं. आणि दोन्ही गाद्या दबलेल्या होत्या.

मी काही विचार केला नाही. विचार केला असता तर घोडी तशीच चालवत राहिलो असतो का, कुणास ठाऊक. मी तीन ढांगांत तिच्यापाशी गेलो, तिला काखेत धरली आणि खाली ओढली.

ती फार जड होती. माझ्या बरगड्यांत कळ उठली, माझे गुडघे वाकले. एकोणतीस किलो, मी मनात म्हटलं. म्हातारा झालास. एकोणतीस किलोही उचलवत नाही.

वर, मोकळ्या खोगिरामागे, दबलेल्या गाद्या सावकाश फुगून आल्या.

७

"इतक्यात कित्याक उतरयलंस?" वेनेसा फुरंगटली. "माका अजून बसाचा होता."

"घोडी दमली गो. उद्या."

"नाय दमली. बघ."

तिचं बरोबर होतं. मी कासरा ओढला आणि कुर्ली ताबडतोब निघाली. थांबली नाही, कान मागे नेले नाहीत. तिने पाठ अशी झटकली की खोगीर खुळखुळलं, आणि ती शिंगरासारखी माझ्या पुढे जायला बघू लागली. मी तिची पावलं बघितली. मागचे ठसे उथळ होते. पुढचे किंचित खोल. पुस्तकात असतात तसे. मला हुंदका आला, आनंदाचाच असावा. जे काही होतं ते गेलं होतं. पोरगी धडधाकट होती, माझ्या पुढे अनवाणी चालत होती, ओल्या वाळूत.

मग मला तिची पावलं दिसली.

मी एका ठशापाशी थांबलो. कासरा दंडाला गुंडाळला आणि पट्टी काढली. टाचेचा खळगा चार सेंटिमीटर. शेजारी मी माझी चप्पल काढली, पाऊल दाबलं आणि उचललं. दोन. मी पुढच्या ठशाकडे गेलो, त्याच्या पुढच्या. मऊ वाळूचा पट्टा असेल म्हणून बाजूला सरकून पुन्हा माझं पाऊल दाबलं. दोन. पहिल्या मापावर माझा विश्वास नसतो, म्हणून मी नऊ ठसे मोजले. तेवढ्यात वेनेसा पुष्कळ पुढे गेली होती.

"वेनेसा!" मी हाक मारली. "थांब गो, मी येतंय!"

ती थांबली नाही. वाळू संपली, नारळी लागल्या. ती पाय ओढत नव्हती, वाकलीही नव्हती. फक्त तिचे हात कोपरांत थोडे बाहेर धरलेले होते, कमरेजवळ जागा ठेवून.

मी धावलो. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस घोडी धरून जेवढा धावू शकतो तेवढा. अंगणाच्या कडेला पोचलो तेव्हा ती क्रूस ओलांडून पायऱ्यांपाशी पोचली होती. क्लारा दारात उभी होती, हातात पिठाची परात.

"इली माजी बाय! कशी झाली सवारी? ये, आत ये."

वेनेसा पहिल्या पायरीवर चढली आणि थांबली.

"चल गो, काय झाला? ये."

ती हलली नाही. मान सैल होती, नजर समोर. थोडीशी वळवली ती फक्त मान, एका बाजूला, मागचं ऐकावं तशी. माझ्या हातातली कुर्ली फुरफुरली आणि दोन पावलं मागे सरली. मला ओरडायचं होतं, दार लाव, क्लारा, दार लाव. पण दाराच्या बाहेर माझी नात उभी होती. दार कुणावर लावायला सांगणार होतो?

आणि सवयीने, माझ्या नकळत, मी मोजत होतो. तीन. चार. मनात म्हणत होतो, हे पोर आहे, रुसलं आहे, घोडीवरून उतरवलं म्हणून. पाच. आता वळेल आणि जीभ दाखवेल.

सहा.

तिचे खांदे किंचित खाली गेले, आणि ती घरात शिरली.